भाद्रपदातलं तळं, फाल्गुनातले मासे

३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, ३ मीटर खोल. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली, तेव्हा तिच्यातलं सर्वांत मोठं माप हे होतं. अनुदानाची कमाल मर्यादा तेव्हा ५०,००० रुपये होती, पुढे ती ७५,००० झाली. १ः१ उताराच्या बाजू धरल्या तर अशा तळ्यात २,१९६ घनमीटर, म्हणजे जवळजवळ २२ लाख लिटर पाणी मावतं. काठोकाठ भरलं की पाण्याचा पृष्ठभाग ९०० चौरस मीटर होतो. नऊ गुंठ्यांना जरासा कमी.

मासे सोडायचं ठरलं की बहुतेक हिशेब या ९०० पासून सुरू होतो. चौरस मीटरला एक मासा, म्हणजे ९०० बोटुकली (बोटाएवढी पिल्लं). शंभरातली ऐंशी जगली तर ७२०. प्रत्येक मासा किलोचा झाला तर ७२० किलो. किलोला १२० रुपये दर धरला की ८६,४०० रुपये. बीज विकणारा हाच हिशेब सांगतो, मेळाव्यातल्या भाषणात हाच ऐकू येतो आणि कागदावर त्यात गुणाकाराची एकही चूक नाही. हेक्टरी १०,००० बोटुकलीची शिफारसही खरीच आहे. फरक एवढाच की ती वर्षभर दीड-दोन मीटर पाणी टिकवणाऱ्या मत्स्यतलावासाठी केलेली आहे. शेततळं पिकासाठी खोदलेलं असतं. त्यातलं पाणी उपसायचं असतं, आणि उपसलं नाही तर ऊन ते नेतंच.

म्हणून ९०० हा आकडा बाजूला ठेवून फेब्रुवारीअखेर तळ्यात काय उरतं ते आधी काढू.

तळं प्लास्टिक अंथरलेलं आहे, म्हणजे पाझर नाही, असं धरू. सप्टेंबरअखेर ते पूर्ण भरलेलं आहे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी या १५० दिवसांत रोज सरासरी ५ मिलिमीटर बाष्पीभवन धरलं तर पातळी पाऊण मीटर खाली जाते. उताराच्या बाजूंमुळे पाणी उतरतं तसा पृष्ठभागही आकसतो, म्हणून सरासरी ८०० चौरस मीटर धरू. हवेत गेलेलं पाणी झालं ६०० घनमीटर. आता पीक. एका हेक्टरवरच्या हरभऱ्याला ५ सेंटिमीटरची एक संरक्षित पाळी म्हणजे ५०० घनमीटर. दोन पाळ्यांचे १,०००. तळं ज्यासाठी खोदलं ते काम हेच, त्यामुळे यात काटकसर सुचवण्यात अर्थ नाही.

२,१९६ मधून १,६०० गेले. उरले सुमारे ६००.

हे ६०० घनमीटर तळाशी एक मीटरपेक्षा जरा कमी उंचीपर्यंत उभे राहतात. पृष्ठभाग २६ गुणिले २६, म्हणजे ६७६ चौरस मीटर. इथे उताराची एक गंमत लक्षात घ्यावी लागते. पाणी अर्ध्या उंचीवर, दीड मीटरवर आलं, तेव्हा तळ्यात निम्मं नव्हे, तर ४४ टक्केच पाणी असतं. एका मीटरला २८ टक्के. काठावर उभं राहून ‘अजून एक तृतीयांश आहे’ असं म्हणणारा माणूस पाण्याची उंची बघत असतो. मासे मात्र घनमीटरांत राहतात.

पुढे मार्च ते मे. या तीन महिन्यांत रोज ८ ते १० मिलिमीटर पाणी उडतं. ९ धरले तर ९० दिवसांत ८१ सेंटिमीटर. फेब्रुवारीअखेरच्या एका मीटरमधून मेअखेर वीतभर पाणी उरलं तर उरलं, तेही कोमट. मासे पावसाळ्यापर्यंत ठेवून मोठे करू, हा बेत इथेच संपतो. काढणीची तारीख मासा ठरवत नाही, पाणी ठरवतं, आणि या तळ्यापुरती ती फेब्रुवारीअखेर आहे. तुमच्या तळ्याची वेगळी असेल. विहिरीतून भर घालता येत असेल तर ती पुढे जाईल. पण माशांसाठी भूजल उपसून उघड्या तळ्यात साठवणं म्हणजे जमिनीखाली न उडणारं पाणी उन्हात आणून ठेवणं, आणि दुष्काळी तालुक्यात त्या विहिरीवर शेजाऱ्याचाही जीव असतो.

प्लास्टिक नसलेल्या तळ्याचा हिशेब तर आणखी कडक. मुरमाच्या जमिनीत रोज १० मिलिमीटर पाझर धरला तरी १५० दिवसांत दीड मीटर पाणी जातं. वरच्या उदाहरणातले ६०० घनमीटर मग उरतच नाहीत. नव्या, अस्तर नसलेल्या तळ्यात पहिल्या वर्षी मासे सोडूच नयेत, असं माझं मत आहे. एका बांबूवर दहा-दहा सेंटिमीटरच्या खुणा रंगवून तो तळ्यात रोवावा, दर आठवड्याला पातळी लिहून ठेवावी. पुढच्या वर्षी किती मासे सोडायचे ते या वहीइतकं नेमकं दुसरं कोणी सांगणार नाही.

आता प्राणवायू. मध्यम आकाराचा मासा उबदार पाण्यात किलो वजनामागे तासाला २०० ते ३०० मिलिग्रॅम प्राणवायू वापरतो. २५० धरू. बारा तासांच्या रात्रीत ७२० किलो मासळी २,१६० ग्रॅम ओढते. तळं पूर्ण भरलेलं असताना हा भार लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या आसपास पडतो. तीच मासळी ६०० घनमीटरमध्ये असली तर ३.६ मिलिग्रॅम. ३० अंश तापमानाच्या पाण्यात मुळात विरघळून राहतो तोच ७.५ मिलिग्रॅमच्या जवळपास, आणि रात्री मासे एकटेच श्वास घेत नाहीत. पाण्याला हिरवा रंग देणारं शेवाळ दिवसा प्राणवायू देतं, पण रात्री तेही घेतं. तळाशी साचलेली विष्ठा आणि उरलेलं खाद्य कुजताना घेतं, ते वेगळंच. कटला, रोहू, मृगळ या कार्प माशांना ५ मिलिग्रॅमच्या वर बरं असतं. ३ च्या खाली ते खाणं सोडतात. पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड उघडून येतात, ते यामुळे. त्या वेळी पंप लावून तळ्याचंच पाणी उंचावरून तळ्यात फवारलं तर जीव वाचतो, पण शेतीपंपाची वीज पहाटे चार वाजता असेलच असं नाही.

याच हिशेबाची उलट बाजू बघा. फेब्रुवारीत २०५ किलो मासळी असेल तर ती रात्रभरात ६१५ ग्रॅम प्राणवायू घेते, ६०० घनमीटरमध्ये लिटरमागे १ मिलिग्रॅम. म्हणजे भरलेल्या तळ्यात ७२० किलोंचा जो भार, तोच उतरलेल्या तळ्यात २०५ किलोंचा. हवा खेळवणारं यंत्र नसताना कार्पच्या तळ्यातून हेक्टरी ३ ते ५ टन निघतात, हा जुना अनुभव आहे. ६७६ चौरस मीटरला त्यातली खालची मर्यादा लावली तर २०३ किलो येतात. दोन वेगळ्या वाटांनी आकडा तिथेच पोचतो. तेव्हा या तळ्याची कुवत २०० किलोंच्या जवळपास आहे.

मग प्रश्न उरतो तो हे २०० किलो किती माशांत वाटायचे हा, आणि नफा-तोटा बराचसा इथेच ठरतो.

बियाण्याचं वेळापत्रक आपल्या हाती नाही. कटला, रोहू, मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातली वाहती नदी लागते. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कटकला पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचं प्रजनन घडवून आणलं. देशात १० जुलै राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात तो त्यामुळेच. इंजेक्शनाने नदीची गरज संपली, पण ऋतूची संपली नाही. बीज मुख्यतः पावसाळ्यातच निघतं. जुलैत निघालेलं जिरं, म्हणजे अंड्यातून नुकतं बाहेर पडलेलं पिल्लू, महिनाभरात इंचभराचं मत्स्यबीज होतं, आणि पुढचे दोनेक महिने जपलं तर बोटाएवढी बोटुकली. मराठवाड्यातलं तळं सप्टेंबरात भरतं, बोटुकली ऑक्टोबरात मिळते आणि पाणी फेब्रुवारीत संपतं. मधे थंडी. पाणी २० अंशांच्या खाली गेलं की कार्प जेमतेम खातात.

दोन पर्याय आकड्यांत मांडतो. दर मी धरलेले आहेत. तुमच्या गावचे घालून पुन्हा मांडा.

पहिला पर्याय: ३ रुपयांची बोटुकली, ५०० नग, खर्च १,५००. पंचाहत्तर टक्के जगल्या तर ३७५. पाच महिन्यांत सरासरी ४०० ग्रॅम झाल्या तर १५० किलो. अर्धा किलोच्या आतल्या माशाला व्यापारी दर कमी देतो, ९० धरू. उत्पन्न १३,५००. वाढलेल्या १४५ किलोंसाठी किलोला १.६ किलो या प्रमाणात तरंगतं खाद्य २३२ किलो, ४५ रुपये दराने १०,४४०. शेण, चुना, वाहतूक, जाळंवाला मिळून २,०००. हातात उणे ४४०.

दुसरा पर्याय: आदल्या वर्षीची, मुद्दाम दाटीत आणि कमी खाद्यावर ठेवून खुंटवलेली ५० ग्रॅमची बोटुकली. आंध्रात कोल्लेरूच्या परिसरातली मत्स्यशेती याहून मोठ्या, १०० ग्रॅमच्या वरच्या बियाण्यावर उभी आहे. असा खुंटलेला मासा मोकळ्या पाण्यात आला की झपाट्याने वाढतो. ८ रुपयांना एक, ३५० नग, २,८०० रुपये. नव्वद टक्के जगतात, म्हणजे ३१५. सरासरी ६५० ग्रॅमने २०५ किलो. दर १२०, उत्पन्न २४,६००. वाढ १८८ किलो, खाद्य ३०० किलो, १३,५००. इतर २,०००. हातात ६,३००.

तळं तेच, पाणी तेच, मासे दीडशेने कमी. तरी तोट्याचा नफा झाला तो बियाण्याच्या वजनामुळे. इंचभराच्या मत्स्यबीजाचाही विचार करून पाहिला. ४० पैशांना एक घेतलं आणि शंभरातली पंचवीसच जगली तरी जगलेला मासा १ रुपया ६० पैशांना पडतो, बोटुकली ४ रुपयांना. पैशात मत्स्यबीजच स्वस्त आहे. पण ते बोटुकली होईपर्यंत डिसेंबर उजाडतो आणि या तळ्याकडे तेवढे महिने नाहीत. ज्याच्या तळ्यात बारमाही पाणी आहे त्याने खुशाल मत्स्यबीज घ्यावं.

मोठं बियाणं महाराष्ट्रात सहज मिळत नाही, ही खरी अडचण. पण तीही आकड्यात फार मोठी नाही. दहा तळ्यांना मिळून ३,५०० नग लागतात. ५० ग्रॅमने १७५ किलो. चौरस मीटरला ३०० ग्रॅम या हिशेबाने त्यांना उन्हाळ्यात ५८० चौरस मीटर पाणी हवं, म्हणजे सहा गुंठ्यांच्या आत. गावात मे महिन्यात दीड मीटर पाणी राखणारं एखादं तळं, गावतलाव किंवा जुनी खाण असेल तर दहा जणांचं बियाणं तिथे सांभाळता येतं. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत २०२० पासून सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अर्थसाहाय्य आहे. त्यातून प्रत्येकाने स्वतंत्र तळं करण्यापेक्षा गावात एक बीजतळं उभं राहिलं तर जास्त उपयोग होईल, असं मला वाटतं.

नग मोजून घ्यावेत. मत्स्यबीज कपाने मोजतात आणि कप कधी पाण्याने जास्त भरतो, कधी माशांनी. पहिला एक कप नगाने मोजा, मग बाकीचे घ्या. पिशवी तळ्यात पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवावी, तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घ्यावं, मग तोंड उघडावं. सकाळी किंवा संध्याकाळी.

नव्या प्लास्टिकच्या तळ्यात चिखल नसतो, आणि चिखल नाही म्हणजे तळाचं खाद्यही नाही. पुस्तकातलं कटला चार, रोहू तीन, मृगळ तीन हे प्रमाण मातीच्या तळ्याचं. मृगळ तळाशी चरणारा मासा, प्लास्टिकवर त्याला मिळणार काय? ३५० मध्ये १४० कटला, १४० रोहू, ५० मृगळ आणि २० गवत्या अशी विभागणी मी करीन. गवत्याला बांधावरचं लसूणघास रोज टाकावं लागेल. तो भरपूर खातो, पुरेसं न पचवता सोडतो आणि त्यावर पाणी हिरवं राहतं. कटला पाण्यातले सूक्ष्म प्राणी गाळून खातो, त्यामुळे पाणी काचेसारखं स्वच्छ असेल तर तो वाढत नाही. शेण थेट न ओतता गोणीत भरून कोपऱ्यात लटकवावं. हात कोपरापर्यंत बुडवल्यावर तळवा दिसेनासा व्हायला लागला की पाणी तयार झालं. याला आठ-पंधरा दिवस लागतात आणि ते बियाणं आणण्याआधीचे असले पाहिजेत. चुना हेक्टरी २०० ते २५० किलो सांगतात, आपल्या तळ्याला वीसेक किलो. पण दख्खनच्या विहिरींचं पाणी बहुधा जडच असतं. सामू ८ च्या वर असेल तर चुन्याचा खर्च वाचवावा.

नव्या तळ्याचा एक फायदा म्हणजे त्यात मांसाहारी मासे नसतात. जुन्या तळ्यात ते मारायला हेक्टरी अडीच टन मोहाची पेंड लागते. इथे नाल्याच्या पाण्याच्या तोंडाशी बारीक जाळी लावली की काम भागतं. नाही लावली तर मरळ आपणहून येते आणि बोटुकलीवर पोसते.

पंगसचा मोह अनेकांना होतो. तो हवेतून श्वास घेऊ शकतो, त्यामुळे वरचा प्राणवायूचा हिशेब त्याला तितका लागू नाही. पण थंडीचा लागू आहे. नाशिक-नगरकडे डिसेंबर-जानेवारीत पाणी गार पडलं की तो खाणं सोडतो आणि मरतोही. विदर्भातल्या थंडीतही तेच. चिलापी साचलेल्या पाण्यातच पिल्लं घालते आणि तळं बोटाएवढ्या माशांनी भरून टाकते. थाई मागूरवर देशात २००० सालापासून बंदी आहे. कोणी ‘गावठी मागूर’ म्हणून स्वस्तात देत असेल तर दुरूनच नमस्कार करावा.

माशांना मारणारी आणखी एक गोष्ट शेततळ्याच्या काठावरच असते: फवारणीचा पंप. सायपरमेथ्रिन १० टक्क्यांच्या १०० मिलिलिटर बाटलीत १० ग्रॅम विष असतं. ६०० घनमीटर पाण्यात ती बाटली सांडली तर लिटरमागे १६ मायक्रोग्रॅमच्या वर जातं, आणि लहान मासे त्यातल्या काही मायक्रोग्रॅमलाच मरतात. पंप तळ्यात विसळू नये, औषधाचा ड्रम तळ्याच्या वरच्या अंगाला ठेवू नये. द्राक्ष-टोमॅटोच्या पट्ट्यात मासे का मेले याचा शोध बहुतेक वेळा पाण्यात आणि रोगात घेतात, फवारणीच्या वहीत कोणी पाहत नाही.

काढणी. शिशाच्या गोळ्यांचं जाळं ५०० मायक्रॉनच्या प्लास्टिकवरून ओढलं तर प्लास्टिक फाटतं, आणि ते बदलण्याचा खर्च माशांच्या कित्येक वर्षांच्या नफ्यापेक्षा जास्त आहे. पाणी मीटरभर असताना हलक्या जाळ्याने आणि चार माणसांनी काम उरकतं. ओल्या प्लास्टिकवरून माणूस वर येऊ शकत नाही, म्हणून चारही बाजूंना गाठी मारलेले दोर आधीपासून सोडलेले असावेत. हे दोर मासे नसले तरीही हवेत.

आणि विक्री. देशातल्या मासळीपैकी तीन चतुर्थांश अंतर्देशीय पाण्यातून येते, पण महाराष्ट्रात प्रमाण नेमकं उलट आहे. आपल्या उत्पादनाचा मोठा वाटा समुद्राचा. आतल्या जिल्ह्यांत बाजारात दिसणारी रोहू-कटला बरीचशी आंध्रातून बर्फात येते. ती स्वस्त असते, पण ती जिवंत नसते. २०५ किलो माल एका व्यापाऱ्याला १२० ने दिला तर २४,६०० येतात. तोच धुळवडीच्या आधीच्या दोन दिवसांत, बांधावर, जिवंत, १६० ने विकला तर ३२,८००. फरक ८,२००, म्हणजे ज्या ६,३०० साठी पाच महिने खाद्य टाकलं त्याहून जास्त. दोनशे उंबऱ्यांच्या गावात घरटी एक किलो. त्यासाठी जानेवारीतच कोणाला किती हवं हे विचारून ठेवावं लागतं, वजनकाटा भाड्याने आणावा लागतो आणि उधारीचं काय करायचं ते घरात आधीच ठरवावं लागतं.